पॅसिफिकच्या काठावरील ‘अटलांटिक’ विद्यापीठे

स्टॅनफर्ड आणि बर्कली ही कॅलिफोर्नियातील दोन विख्यात विद्यापीठे पॅसिफिक महासागराच्या किनारपट्टीवर वसली आहेत, याविषयी भूगोलाच्या अभ्यासकांत दुमत असण्याचे कारण नाही. तरीही २०२४ सालापासून या दोन्ही विद्यापीठांचे खेळाडू ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’ या क्रीडासंघाचे सभासद म्हणून मैदानात उतरत आहेत. ‘बिग टेन’ नावाच्या दुसऱ्या संघात दहा नव्हे, अठरा विद्यापीठे आहेत. ‘बिग ट्वेल्व्ह’मध्ये सोळा. अंकगणित आणि भूगोल या दोन्ही विषयांना अशी रजा देण्याची बुद्धी ज्ञानदानाचे व्रत घेतलेल्या संस्थांना का झाली, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते. तो शब्द म्हणजे दूरचित्रवाणी. पण या एका शब्दाच्या उत्तराने समाधान मानावे इतके हे प्रकरण सरळ नाही.

पर्ड्यू, रटगर्स, ॲरिझोना स्टेट ही नावे आता पुण्या-नागपुरातील मध्यमवर्गीय घरांत अपरिचित राहिलेली नाहीत. कोणाचा मुलगा, कोणाची भाची तेथे शिकत असते. गणिती श्रीराम अभ्यंकर यांनी आयुष्यातील पन्नासएक वर्षे पर्ड्यूमध्ये अध्यापन केले, हेही आपल्याकडे अनेकांना ठाऊक असते. परंतु अमेरिकेतील सामान्य माणसाला पर्ड्यू हे नाव गणितामुळे माहीत नसून शनिवारी दुपारच्या फुटबॉल सामन्यामुळे माहीत असते. हा फुटबॉल म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षावर धडक मारीत पुढे जाण्याचा हा खेळ आहे. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेचा निकाल वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत येतो. अमेरिकेत विद्यापीठाच्या मैदानावर एक लाख प्रेक्षक बसतात आणि बहुतेक राज्यांत सरकारी तिजोरीशी संबंधित पगारदारांत सर्वांत मोठा पगार राज्यपालांचा किंवा कुलगुरूंचा नसून फुटबॉलच्या अथवा बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाचा असतो. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ च्या नोव्हेंबरात आपल्या फुटबॉल प्रशिक्षकास मुदतीपूर्वी निरोप दिला, तेव्हा करारानुसार त्याला साडेसात कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देण्याचे कबूल करावे लागले. काम न करण्याबद्दलचे हे वेतन होते.

कॉन्फरन्स म्हणजे मुळात शेजाऱ्यांचा संघ. रेल्वेने एका दिवसात जाऊन सामना खेळून परत येता यावे, प्रवेशाचे व पात्रतेचे नियम सर्वांना सारखे असावेत आणि कोणी बाहेरचा धंदेवाईक खेळाडू विद्यार्थी म्हणून उभा करू नये, एवढ्यासाठी शेजारची विद्यापीठे एकत्र आली. १८९६ साली मध्य-पश्चिमेकडील सात विद्यापीठांनी स्थापिलेला संघ पुढे बिग टेन झाला. पॅसिफिक किनाऱ्यावरील संघाचा प्रारंभ १९१५ चा. शेजार हाच या संघांचा पाया असल्यामुळे त्यांतील स्पर्धेला गावकीच्या भांडणासारखा रंग असे. एकाच राज्यातील दोन विद्यापीठे शंभर-शंभर वर्षे परस्परांशी ईर्ष्येने खेळत आली आणि त्या सामन्याच्या दिवशी घराघरांत दोन तट पडत.

पूर्वी सारे सोज्वळ होते आणि पैशाने ते नासविले, असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेतील पहिली आंतरविद्यापीठ स्पर्धा म्हणजे हार्वर्ड व येल यांच्यातील १८५२ ची नौकाशर्यत. तिचा खर्च एका रेल्वे कंपनीने केला होता, कारण तिला त्या सरोवराकाठी प्रवासी न्यावयाचे होते. १९०५ च्या हंगामात फुटबॉलच्या मैदानावर इतके मृत्यू झाले की, खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून समज द्यावी लागली. कोलंबिया विद्यापीठाने त्या वर्षानंतर फुटबॉल बंदच केला, तो १९१५ पर्यंत. डॉ. आंबेडकर १९१३ साली कोलंबियात दाखल झाले, तेव्हा त्या विद्यापीठाला फुटबॉलचा संघच नव्हता. त्यामुळे त्याची विद्वत्ता उणावली होती असे कोणी म्हटल्याचे आढळत नाही. १९२९ साली कार्नेगी फाउंडेशनने विद्यापीठीय क्रीडाक्षेत्रातील बाजारीपणावर कोरडे ओढणारा मोठा अहवाल प्रसिद्ध केला. तो वाचून सर्वांनी मान डोलाविली आणि सामने पूर्ववत चालू राहिले. अपवाद शिकागो विद्यापीठाचा. बिग टेनच्या या संस्थापक सभासदाने अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या आग्रहाने १९३९ साली फुटबॉलला रजा दिली. ओस पडलेल्या त्याच क्रीडांगणाच्या प्रेक्षागाराखाली २ डिसेंबर १९४२ रोजी शास्त्रज्ञांनी पहिली नियंत्रित अणुशृंखलाप्रक्रिया घडवून आणली. मैदान मोकळे झाले तर त्याचा काय उपयोग होऊ शकतो, याचे इतके प्रखर उदाहरण दुसरे नसेल. ते उपकारक की अपकारक, हा प्रश्न वेगळा.

दूरचित्रवाणी आली तेव्हा विद्यापीठांची राष्ट्रीय संघटना एनसीएए हिला भीती वाटली ती प्रेक्षक घरी बसतील ही. म्हणून १९५० नंतरच्या काळात तिने प्रक्षेपणाची सूत्रे आपल्या हाती घेतली. आठवड्याला किती सामने दाखवायचे, एका विद्यापीठाला किती वेळा पडद्यावर येऊ द्यायचे, हे संघटना ठरवी. मोठ्या विद्यापीठांना हे जाचक वाटू लागले. ओक्लाहोमा व जॉर्जिया विद्यापीठांनी मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावला आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूने कौल दिला. विरुद्ध मत देणाऱ्या न्यायमूर्तींपैकी बायरन व्हाइट हे तरुणपणी कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू होते. हा खेळ स्वतः खेळलेल्या या न्यायमूर्तींना असे वाटत होते की, विद्यापीठांच्या खेळाला निव्वळ बाजारातील मालाचे माप लावणे योग्य नाही. कायद्याच्या दृष्टीने बहुमत चूक होते असे म्हणता येणार नाही. सामने दाबून ठेवून किंमत वाढविणे ही मक्तेदारीच होती. पण एक सामाईक भांडार फुटले, की प्रत्येकाला आपापली कोठी भरावीशी वाटते, आणि नंतरच्या चाळीस वर्षांचा इतिहास हा त्या कोठ्यांचा इतिहास आहे.

प्रारंभी सामन्यांचा बाजारात पूर आला व भाव उतरले. तेव्हा ध्यानात आले की, एकट्या विद्यापीठापेक्षा संघाने विक्री करावी आणि त्या संघात मोठी नावे व मोठी शहरे असावीत. नोत्र दामसारख्या एखाद्याच विद्यापीठाला स्वतंत्र चूल परवडली. १९९१ पासून त्याचे घरचे सामने एनबीसी दाखवीत आले आहे. इतरांना जोडीदार शोधावे लागले. आग्नेयेकडील संघाने दोन सभासद वाढवून बारा केले आणि १९९२ पासून अंतिम विजेतेपदाचा जादा सामना विकावयास काढला. टेक्सासमधील जुना साउथवेस्ट कॉन्फरन्स १९९६ साली मोडला. त्यातील चौघे बिग ट्वेल्व्हमध्ये गेले, चौघे उघड्यावर पडले. उघड्यावर पडलेल्यांत सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठ होते. याच विद्यापीठाचा फुटबॉल १९८७ साली खेळाडूंना चोरून पैसे दिल्याबद्दल बंद पाडण्यात आला होता. आज खेळाडूंना उघडपणे पैसे देता येतात आणि त्याच विद्यापीठाने अटलांटिक संघात प्रवेश मिळावा म्हणून प्रक्षेपणाच्या उत्पन्नातील आपला वाटा नऊ वर्षे सोडून दिला आहे. खेळाडूला पैसे देणे हा अपराध होता. संघाने फुकट खेळावे हा आता शहाणपणा आहे.

या सर्व उलाढालीचे यंत्र समजून घेतल्यावाचून तिच्यातील विचित्रपणा उमगत नाही. २००७ साली बिग टेनने स्वतःची वाहिनी काढली. केबल कंपनी प्रत्येक घरामागे वाहिनीला दरमहा ठराविक रक्कम देते. ज्या राज्यात संघाचे सभासद विद्यापीठ आहे तेथे हा दर पुष्कळ अधिक, अन्यत्र अगदी किरकोळ. ही वाहिनी पाहणारा आणि न पाहणारा, दोघांच्याही बिलात ती रक्कम चढते. म्हणजे एखाद्या राज्यातील एक विद्यापीठ सभासद करून घेतले, की त्या राज्यातील लाखो कुटुंबांकडून महिन्याच्या महिन्याला पट्टी वसूल होऊ लागते. मेरिलँड आणि रटगर्स यांना २०१४ साली बिग टेनमध्ये का घेण्यात आले, याचे कोडे यावरून सुटते. दोघांच्या फुटबॉलचा दरारा फारसा नव्हता. पण एकाच्या दाराशी वॉशिंग्टन आहे आणि दुसऱ्याच्या दाराशी न्यूयॉर्क. मेरिलँड हे अटलांटिक संघाच्या १९५३ च्या संस्थापकांपैकी एक. पैशाच्या टंचाईमुळे २०१२ साली त्याने आपल्या सात खेळांचे संघ बंद केले आणि त्याच वर्षी साठ वर्षांचा घरोबा सोडण्याचा निर्णय जाहीर केला. जुन्या संघाने बाहेर पडण्याच्या शुल्कासाठी त्याला न्यायालयात खेचले आणि अखेरीस तीन कोटी डॉलरांहून अधिक रक्कम ठेवून घेतली.

पुढे केबल घेणाऱ्यांची संख्या घटू लागली. एके काळी ईएसपीएन ही वाहिनी सुमारे दहा कोटी घरांत पोचत असे. लोक इंटरनेटवरून पाहू लागले तशी ती पट्टी आटत गेली. न पाहणाऱ्याकडून पैसे घेण्याचा मार्ग अरुंद झाल्यावर पाहणाऱ्याला खेचणाऱ्या सामन्यांची किंमत वाढली. मग दोन बलाढ्य संघांनी उरलेल्यांतील निवडक मोती वेचावयास सुरुवात केली. २०२१ च्या जुलैत टेक्सास व ओक्लाहोमा यांनी आग्नेय संघाकडे जाण्याचे ठरविले. १९८४ चा दावा जिंकणारे दोघेही, जॉर्जिया व ओक्लाहोमा, आता एकाच छपराखाली आहेत. ३० जून २०२२ रोजी लॉस एंजेलिसमधील यूएससी आणि यूसीएलए यांनी बिग टेनची वाट धरली. दीडच महिन्यात बिग टेनने फॉक्स, सीबीएस व एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा करार केला. त्याची रक्कम सातशे कोटी डॉलरांवर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे पंचावन्न हजार कोटी रुपये होती. त्याच वर्षी आपल्याकडे आयपीएलचे पाच वर्षांचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले आणि आपण सर्वांनी तोंडात बोट घातले. आयपीएल हा निदान उघड धंदा आहे. बिग टेनचे सभासद नावाने तरी अजून विद्यापीठेच आहेत.

लॉस एंजेलिस गमावलेल्या पॅसिफिक संघाला नव्या करारासाठी ग्राहक मिळेना. अखेर ॲपल कंपनीचा एक प्रस्ताव पुढे आला. त्यात हमीची रक्कम बेताची आणि बाकीचे उत्पन्न वर्गणीदार किती मिळतात यावर अवलंबून होते. ४ ऑगस्ट २०२३ या एका दिवसात पाच विद्यापीठे निघून गेली. ऑरेगन व वॉशिंग्टन बिग टेनकडे गेली, तीही सुरुवातीची काही वर्षे जुन्या सभासदांच्या निम्म्याच्या आसपास वाटा पत्करून. ॲरिझोनाची दोन्ही विद्यापीठे व युटा बिग ट्वेल्व्हकडे गेली. कोलोरॅडो आठवडाभर आधीच गेले होते. महिनाभरात स्टॅनफर्ड व बर्कली यांनी अटलांटिकचा किनारा गाठला. १०८ वर्षांच्या संघात दोनच विद्यापीठे शिल्लक राहिली: ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट.

या दोघांचा अपराध कोणता? खेळात ती फार मागे होती असे नाही. वॉशिंग्टन स्टेटचा विद्यार्थी हेन्री रोनो याने १९७८ साली एक्याऐंशी दिवसांत धावण्याचे चार जागतिक विक्रम केले, हे जुन्या वाचकांस आठवत असेल. अपराध एवढाच की, पुलमन हे गाव गव्हाच्या शेतांमध्ये आहे. त्याच्या आसपास घरे कमी, म्हणून दूरचित्रवाणीचे संच कमी. महाराष्ट्राला हे गाव अगदीच परके नाही. गदर चळवळीच्या संस्थापकांपैकी एक आणि नंतर मेक्सिकोत गहू-मक्याच्या संशोधनाने कीर्ती मिळविणारे वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हे याच पुलमनच्या कॉलेजचे विद्यार्थी. शेतकऱ्यांच्या मुलांना उच्च शिक्षण मिळावे या हेतूने, १८६२ च्या कायद्यानुसार मिळालेल्या जमिनींच्या आधारावर अशी विद्यापीठे उभी राहिली. ती मुद्दाम शेतांच्या मध्ये बांधली गेली. जे त्यांच्या स्थापनेचे प्रयोजन होते, तेच प्रक्षेपणाच्या बाजारात त्यांचे वैगुण्य ठरले.

याची झळ फुटबॉलपटूंना सर्वांत कमी लागते. ते आठवड्यातून एकदा, बहुधा शनिवारी, खास विमानाने जातात. पण कॉन्फरन्स बदलली म्हणजे व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, पोहणे, टेनिस हे खेळही बदलतात. रटगर्सहून लॉस एंजेलिस सुमारे चार हजार किलोमीटर आहे, मुंबई-कलकत्ता हवाई अंतराच्या दुपटीहून अधिक. व्हॉलीबॉल खेळणारी मुलगी आठवड्याच्या मधल्या दिवसांत हा प्रवास करते, तीन तासांचा कालभेद सोसते आणि सोमवारी सकाळी प्रयोगशाळेत हजर राहणे तिच्याकडून अपेक्षित असते. वॉशिंग्टन स्टेटने २०२५ च्या जूनमध्ये ॲथलेटिक्समधील फेकीचे व उड्यांचे प्रकार बंद करून केवळ लांब पल्ल्याच्या धावण्यावर भर देण्याचे ठरविले. अमेरिकेच्या ऑलिंपिक पथकाचा मोठा भाग विद्यापीठांच्या मैदानांतूनच येतो, हे लक्षात घेतले म्हणजे भाला फेकणाऱ्या मुलाचे मैदान कोणी काढून घेतले, हा प्रश्न केवळ एका गावापुरता राहत नाही.

यावर विद्यापीठांचे प्रशासक जे उत्तर देतात ते अगदी टाकाऊ नाही. फुटबॉलच्या उत्पन्नावरच इतर खेळ जगतात; १९७२ च्या कायद्याने मुलींना समान संधी देणे बंधनकारक झाले तेव्हा तो खर्च कोणत्या खात्यातून करायचा होता? हे खरे आहे. पण मग हिशेब जमावयास हवा, आणि तो जमत नाही. बिग टेनमध्ये दहा वर्षे काढूनही रटगर्सचा क्रीडाविभाग विद्यापीठाच्या साहाय्यावाचून चालत नाही. यूसीएलए पैशाच्या तुटीमुळे बिग टेनमध्ये गेले. त्यामुळे भावंड असलेल्या बर्कलीचे नुकसान झाले म्हणून २०२४ साली नियामक मंडळाने यूसीएलएला दरवर्षी एक कोटी डॉलर बर्कलीला देण्यास फर्माविले. उत्पन्न वाढते तसा खर्चही वाढतो, कारण मिळालेली रक्कम शेजाऱ्यापेक्षा महाग प्रशिक्षक आणण्यात जाते. काही विद्यापीठांत क्रीडाशुल्क विद्यार्थ्यांवर सक्तीने बसविले जाते. सोलापूरहून संगणकशास्त्र शिकावयास गेलेल्या मुलानेही, त्याने एकही सामना पाहिला नसला तरी, ते भरायचे असते.

एवढ्या वर्षांत खेळाडूच तेवढे हौशी राहिले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली एकमताने त्या हौशीपणाच्या नावाखालील निर्बंधांना तडा दिला. ६ जून २०२५ रोजी मान्य झालेल्या तडजोडीने माजी खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई देण्याचे ठरले आणि २०२५-२६ पासून प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंत वर्षाला दोन कोटी पाच लाख डॉलरांपर्यंत वाटप करण्याची मुभा मिळाली. ज्यांच्या घामावर हा व्यवहार उभा आहे त्यांना वाटा मिळाला, याचा विषाद कोणी मानू नये. तो फार उशिरा मिळाला एवढेच. मात्र हे दोन कोटी आणावयाचे कोठून, या विवंचनेने प्रत्येक क्रीडासंचालक पुन्हा नकाशा उघडून बसला आहे. विजेतेपदाच्या स्पर्धेचे २०२६ पासूनचे सहा वर्षांचे हक्क ईएसपीएनने ७८० कोटी डॉलरांना घेतले असून त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम बिग टेन व आग्नेय संघ या दोघांकडेच जाते. जे या दोन वाड्यांबाहेर आहेत त्यांना आत शिरण्याची घाई असणारच.

यात खलनायक शोधू जाल तर निराशा होईल. प्रत्येक विद्यापीठाच्या अध्यक्षाने आपल्या संस्थेपुरता विचार केला तर तो चुकला असे दाखविता येत नाही. ऑरेगन राहिले असते आणि वॉशिंग्टन गेले असते, तर ऑरेगनच्या अध्यक्षांना त्यांच्याच माजी विद्यार्थ्यांनी क्षमा केली नसती. थांबविण्याचा अधिकार १९८४ पर्यंत ज्या संघटनेला होता तिने तो अधिकार स्वतःच्या लाभासाठी वापरून गमावला, आणि त्यानंतर तो कोणाच्याच हाती राहिला नाही. हार्वर्ड, येल, कोलंबियादी आठ विद्यापीठांचा आयव्ही लीग तेवढा १९५४ च्या करारापासून होता तेथे आहे. तेथे खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही. पण एवढी गंगाजळी असलेल्या संस्थांचा वैराग्याचा आदर्श पुलमनच्या गव्हाच्या शेतात कितपत उपयोगी पडावा? गंमत अशी की, ज्या ईर्ष्या या उलाढालीत तुटल्या त्यांपैकी काही त्याच उलाढालीने पुन्हा जुळविल्या. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांचा वार्षिक सामना एकाने संघ सोडल्यामुळे २०११ नंतर बंद पडला होता. दुसराही त्याच नव्या संघात गेल्यावर २०२४ च्या नोव्हेंबरअखेर तो पुन्हा झाला. तेरा वर्षांचा खंड पाडून दोघे परत एकमेकांसमोर उभे राहिले, आणि तो सामनाही अर्थात दूरचित्रवाणीने विकत घेतला होता.

ऑरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट यांनी न्यायालयात जाऊन पॅसिफिक संघाच्या उरलेल्या मालमत्तेवर ताबा मिळविला आणि दुसऱ्या एका लहान संघातील पाच विद्यापीठे फोडून, म्हणजे जे आपल्याला सोसावे लागले तेच इतरांना सोसावयास लावून, २०२६ पासून संघ नव्याने उभारण्याचा बेत केला. अटलांटिक संघातील अस्वस्थ सभासदांशी २०२५ च्या मार्चमध्ये समेट झाला. त्याप्रमाणे संघ सोडण्याचे शुल्क वर्षागणिक उतरत जाऊन २०३०-३१ मध्ये साडेसात कोटी डॉलरांवर येईल. बिग टेनचा सात वर्षांचा करार संपण्याची वेळही जवळजवळ तीच आहे.